जेवायचा हात

माझा हात जड आहे, हे मला कळायच्या आधी घरातल्या सगळ्यांना कळलं होतं. चार वर्षांची असताना म्हणे मी अंगणात घुसलेल्या कोंबडीला असा तडाखा दिला, की ती संध्याकाळी ताटात आली. आई ही गोष्ट पाहुण्यांना कौतुकानं सांगायची. तिचा स्वतःचा हातही तसाच. रागावली की हातात जे असेल त्यानं मारायची. लाटणं, फुंकणी, चप्पल, एकदा तर मेथीची जुडी. मेथीच्या जुडीनं लागत नाही, पण अपमान फार होतो. मी तिच्याकडून मार खायची आणि तो माझ्याहून दोन वर्षांनी लहान भावाला पोचवायची. भाऊ तो पुढं मेंढरांना पोचवत नसे. आमच्या घरात तो एकटाच असा निघाला.

आमचं गाव ताडकळसच्या पलीकडं. वडिलांची तीसेक मेंढरं आणि थोडी कोरडवाहू जमीन. गावच्या शाळेत गणिताला एक सर होते, ते फोकानं मारायचे. ओढ्याच्या काठाला निर्गुडी माजलेली असते, तिची बोटाएवढी हिरवी काडी म्हणजे फोक. वाळलेली काठी मोडते, फोक मोडत नाही, तो अंगाला वळसा घालतो. सरांचा नियम असा होता, की ज्याला मार बसायचा आहे त्यानंच ओढ्यावर जाऊन फोक आणायचा. बारीक आणला तर पुन्हा पाठवायचे. मग पोरं आपणहूनच चांगला जाड आणायला शिकली.

भाऊ सातवीत होता, मी नववीत. आमच्या वर्गाच्या खिडकीतून त्यांचा वर्ग दिसायचा. त्या दिवशी तो सतराच्या पाढ्याला अडला. सतरा सक्कं एकशे दोन, हे त्याला घरी येत होतं. मीच पाठ करून घेतलं होतं, दोन चापट्या देऊन. सरांसमोर ते त्याच्या तोंडातून निघेना. सर म्हणाले, "मेंढराचा वास घिऊन आलास, अक्कलबी मेंढराचीच आणलीस का?" आणि पोटऱ्यांवर मारायला सुरुवात केली. मी मोजत होते. अकरापर्यंत मोजले. मग भाऊ खाली बसला, तर सरांनी त्याचे केस धरून त्याला उभं केलं आणि मांड्यांवर मारलं. त्याची चड्डी ओली झाली. वर्ग हसला. कसा कोण जाणे, तेवढ्यात फोक चिरफाळला. सर म्हणाले, "जा, दुसरा घिऊन ये."

भाऊ गेला तो गेला. ओढ्यावरून तो परत शाळेत आलाच नाही, तसाच मेंढरांमागं गेला. आई दुसऱ्या दिवशी त्याला कानाला धरून ओढत होती, वडील शिव्या घालत होते, मीही दोन ठेवून दिल्या. तो दाराची चौकट धरून बसला. माझ्या हिशेबानं माझा भाऊ अजून फोक आणायलाच गेलेला आहे. त्या वयात मला एवढंच कळलं, की आपणही सरांच्या बाजूनं त्याला मारलं. ते डोक्यातून जाईना. मी मास्तरीण होणार आणि कुणाच्या पोराला हात लावणार नाही, असं मी तेव्हा ठरवलं. कुणी सांगितलं नव्हतं, शपथ घातली नव्हती. आतल्या आत ठरवलं.

परभणीला एमएस्सी केली आणि बीएडला लागले. पहिल्याच तासाला प्राध्यापकांनी एकेकाला उभं करून विचारलं, शिक्षक का व्हायचंय? कुणी म्हणालं देशाची पिढी घडवायची आहे, कुणी म्हणालं ज्ञानदान पवित्र आहे. माझ्या शेजारी बसलेला, दोन लेकरांचा बाप असलेला गृहस्थ म्हणाला, आवड आहे. मी म्हणाले, "मला न मारता शिकवायचंय." वर्ग हसला. प्राध्यापक चष्म्यावरून माझ्याकडं बघत म्हणाले, "बघू."

बीएड म्हणजे पाठ. वर्गात जाऊन मुलांना एखादा धडा शिकवायचा, मागच्या बाकावर निरीक्षक बसणार, लाल पेनानं शेरे मारणार. त्याआधी आम्ही एकमेकांवरच पाठ घेतले, म्हणजे सहा-सात मिनिटांचे छोटे तुकडे, एका तुकड्यात एकच कौशल्य. त्यात एक होतं प्रबलन. मुलानं उत्तर दिलं की त्याला शाब्बास म्हणायचं, मान हलवायची, पाठ थोपटायची, याला प्रबलन म्हणतात. आमच्या घरात आयुष्यात कुणी कुणाला शाब्बास म्हटलं नव्हतं. मी समोरच्या मिशाळ बाप्यांना "छान, बाळ, छान" म्हणत होते आणि माझ्याच कानाला ते खोटं वाटत होतं. वहीत शेरा आला : प्रबलन यांत्रिक. बरोबरच होता.

शारीरिक शिक्षेला कायद्यानं बंदी आहे, यावर तर पूर्ण प्रकरण होतं. प्राध्यापक खडूचा हात झाडत टिपण सांगत होते, "शिक्षेमुळे बालकाच्या मनावर खोलवर परिणाम होतात, पूर्णविराम." तेवढ्यात मागं कुणीतरी जांभई दिली. प्राध्यापकांनी लाकडी डस्टर भिरकावलं. ते दोन लेकरांच्या बापाच्या कपाळाला लागलं आणि टेंगूळ आलं. तो कपाळ चोळत हसला, सगळे हसले, मीही हसले. मग पुढचं टिपण आम्ही निमूट लिहून घेतलं. परीक्षेत तो प्रश्न आला होता. मला त्यात चांगले गुण पडले.

दुसऱ्या वर्षी आम्हाला शाळेवर पाठवलं. मानवतला उतरून पुढं शेअर रिक्षानं जायचं, तिथल्या एका खेड्यातली पाचवी ते दहावीची शाळा. आम्ही सहाजण होतो. मला सहावी मिळाली, विज्ञान. अठ्ठावन्न पोरं एका खोलीत, त्यातली निम्मी वेचणीच्या दिवसांत कापसात असायची. शाळेतली मुलं आम्हाला 'पाठवाले' म्हणायची. आणि पाठवाल्यांबद्दल त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती, ती त्यांनी पहिल्याच दिवशी माझ्यासमोर एकमेकांना सांगितली.

"पाठवाल्या मॅडम मारत न्हाईत रे. त्यायला मारायचं न्हाई असतंय."

मग काय विचारता. मी फळ्याकडं वळले की पाठीवर खडूचे तुकडे, रबर, चिंचोके. कुणी म्हशीचा आवाज काढायचं. बाकाखालून लाथा, वेणी ओढणं, पोरींच्या दप्तरात जिवंत सरडा. एके दिवशी मधल्या रांगेतल्या दोघांचं कशावरून तरी वाजलं. एकानं दुसऱ्याची आई काढली आणि दुसऱ्यानं कंपासपेटीतलं कर्कटक उचलून त्याच्या मांडीत घातलं. ते मांडीत रुतून उभंच राहिलं. मी ओढून काढलं. माझ्या पंजाबी ड्रेसवर रक्त आलं, तो पोरगा गुरासारखा ओरडत होता आणि वर्ग बाकांवर उभा राहून बघत होता. मी "शांत बसा" म्हणून घसा फोडला. कुणी ढिम्म हललं नाही. तेवढ्यात वर्गशिक्षिका दारात आल्या. दाराला टेकवलेली काठी त्यांनी उचलली आणि सगळीच्या सगळी पोरं खाली बसली. मग त्यांनी कर्कटक मारणाऱ्याला फळ्यापाशी घेऊन असा बडवला, की तो भिंतीवर आपटून परत काठीखाली येत होता. ज्याला लागलं होतं त्यालाही दोन दिल्या, आई काढली म्हणून.

या बाई वाईट होत्या असं लिहिता आलं असतं तर सोपं झालं असतं. त्या रोज माझ्यासाठी डब्यात शेंगदाण्याची चटणी जास्तीची आणायच्या. नापास पोरीच्या घरी जाऊन तिचं लग्न मोडून तिला परत वर्गात बसवलेलं मी पाहिलं आहे. कपाटामागं त्यांच्या पाच काठ्या होत्या, जाडीप्रमाणे लावलेल्या. मला म्हणाल्या, "किती दिवस घसा फाडतीस गं? एकदा हात उचल. मंग वर्षभर डोळ्यावर काम भागतंय."

मी म्हणाले, मला जमणार नाही. खरं तर मला भीती होती ती जमेल याचीच. रोज माझा हात शिवशिवायचा. मी उजव्या मुठीत खडू धरून ठेवायची आणि राग आला की दाबायची. तास संपला की तळहातात चुरा असायचा. त्या पोरांचा मला संताप यायचा, खरा संताप, कानशिलं तापायची. शिक्षकाला मुलांचा असा राग येतो हे आमच्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. पुस्तकात मूल नेहमी फुलासारखं असायचं.

बाहेरच्या परीक्षकांसमोरचा पाठ ठरला. बीएडचे सगळ्यात वजनदार गुण याच पाठाचे. विषय घेतला चुंबक. आता असा पाठ बसवायचा असतो, हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी बोलत नाही. आदल्या तीन दिवसांत मी तोच धडा त्याच मुलांकडून दोनदा करून घेतला, प्रश्न सांगून ठेवले, उत्तरं पाठ करून घेतली. राहिला हात वर करण्याचा प्रश्न. परीक्षकांना सगळ्या वर्गाचे हात वर दिसायला हवेत आणि मी विचारलेल्याला उत्तर तर यायला हवं. यावर पाठवाल्यांची एक जुनी युक्ती आहे. ज्याला उत्तर येतंय त्यानं उजवा हात वर करायचा, ज्याला येत नाही त्यानं डावा. वर्ग हुशार दिसतो आणि आपण फक्त उजव्या हातांना विचारायचं.

मी आदल्या दिवशी ही युक्ती सांगितली, माझा उजवा हात वर करून दाखवला. समोरच्या निम्म्या पोरांनी मला बघून आरशातल्यासारखा डावा वर केला. तीनदा सांगितलं, तोच गोंधळ. म्हणून पाठाच्या दिवशी सकाळी प्रार्थना झाल्यावर मी सोपं करून सांगितलं. "उत्तर येत असंल तर जेवायचा हात वर करायचा. येत नसंल तर दुसरा." पोरं हसली, सगळ्यांना लगेच कळलं. आपल्या भाषेत सांगितलं की कसं पटकन पोचतं, म्हणून मी स्वतःवर खूश झाले.

परीक्षक दोन होते. एक आमच्या कॉलेजातले, एक बाहेरचे, पांढरा सफारी घातलेले. मागच्या बाकावर बसले. मी दोन पट्टीचुंबक, टाचण्या, लोखंडाचा कीस सगळं मांडलं. पहिली पंधरा मिनिटं पाठ लोण्यासारखा चालला. पोरं पाठ केलेली उत्तरं अशी देत होती, जणू त्यांना ती आत्ताच सुचली. मी शाब्बास म्हणत होते, मान हलवत होते. प्रबलन यांत्रिक राहिलं नव्हतं, कारण मला खरंच त्यांचं कौतुक वाटत होतं.

मग मी विचारलं, "दोन चुंबकांची सारखीच टोकं एकमेकांजवळ आणली तर काय होईल?" सगळे हात वर. शेवटच्या बाकावर, परीक्षकांच्या अगदी पुढं, एक काळीसावळी, तेल लावून घट्ट दोन वेण्या घातलेली मुलगी होती. आदले तीन दिवस ती शाळेत नव्हती. इतक्या दिवसांत तिला मी एकही प्रश्न विचारला नव्हता, मला तिचा आवाजही माहीत नव्हता. तिचा उजवा हात ताठ वर होता. सफारीवाले म्हणाले, "मॅडम, हिला विचारा की. केव्हाचा हात वर आहे."

उजवाच होता. मी निर्धास्तपणे म्हणाले, "सांग, बाळ."

ती उभी राहिली. हात अजून वरच.

"सारखी टोकं जवळ आणली तर?"

गप्प. मी दोन्ही चुंबक उचलून तिला दाखवले. मी म्हणाले, "हात वर केलास ना तू?"

"व्हय मॅडम."

"मग सांग ना."

तिनं माझ्याकडं आश्चर्यानं बघितलं. म्हणाली, "पर मॅडम, तुमीच सकाळी सांगितलं व्हतं, की..."

ही आता युक्ती फोडणार. मी झटक्यात ओरडले, "बस खाली!" ती बसली. सफारीवाल्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि लिहायला लागले. पुढचा पाठ मी कसा संपवला ते मला आठवत नाही. टाचण्या खाली सांडल्या, एवढं आठवतं. जाताना सफारीवाले हसून म्हणाले, "हात वर करायला चांगलं शिकवलंय तुम्ही."

ते फाटकाबाहेर पडले आणि मी वर्गात गेले. तिला हाताला धरून व्हरांड्यात आणलं, पाण्याच्या टाकीपाशी. वर्ग खिडक्यांना चिकटला.

"येत नव्हतं तर हात कशाला वर केलास?"

"मॅडम, म्या जेवायचा हात न्हाई वर केला."

खोटं बोलते. माझ्या डोळ्यांदेखत उजवा हात वर होता आणि माझ्या तोंडावर खोटं बोलते. माझा हात उठला. उठला असं लिहायची सवय असते, म्हणजे तो जणू आपोआप उठतो. मी उचलला. तिच्या डाव्या गालावर आणि कानावर मिळून बसली. आवाज व्हरांडाभर झाला. तिचं डोकं टाकीच्या नळावर आपटलं. ती रडली नाही. तिनं पुन्हा तेच म्हटलं, शब्दाला शब्द, "म्या जेवायचा हात न्हाई वर केला." मी पुन्हा मारली. तिसरीही मारली. तिसरीच्या वेळी मला बरं वाटत होतं, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. त्या महिनाभरातला सगळा चुरा केलेला खडू, ते चिंचोके, ते म्हशीचे आवाज, सफारीवाल्यांचं हसू, सगळं त्या एका पोरीच्या गालावर निघत होतं. चौथ्या वेळी हात वर असताना मला तिच्या कानातून मानेवर आलेली रक्ताची बारीक रेघ दिसली.

मी थांबले. तिनं ओढणीच्या टोकानं मान पुसली आणि आत जाऊन जागेवर बसली. मी मागोमाग वर्गात गेले. सगळी पोरं हाताची घडी घालून बसली होती. पंख्याची करकर मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आली. प्रथमोपचार पेटीतला कापूस तिला दिला आणि पुढचा तास घेतला. मुख्याध्यापकांच्या कानावर गेलंच होतं. ते म्हणाले, "दवाखान्यात बिवाखान्यात नेऊ नका, उगी कागद होतोय. पोरगी शहाणी हाय, काय बोलायची न्हाई." वर्गशिक्षिका डबा उघडत म्हणाल्या, "आता झालीस मास्तरीण." चटणी नेहमीसारखी जास्तीची होती. मी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गात गेले तर टेबलावर फोक होता. निर्गुडीचा, हिरवा, पानं सोलून काढलेला, मुठीकडचा भाग धरायला सोपा म्हणून गुळगुळीत केलेला. "कुणी ठेवला?" विचारलं तर एक मुलगा अभिमानानं उभा राहिला. "तुमच्यासाठी आणला मॅडम. जाड बघून आणलाय." त्यानं माझ्याकडं असं बघितलं, की आता मी शाब्बास म्हणेन.

मी तो उचलला. टेबलावर एकदा आपटला. वर्ग चिडीचूप झाला आणि मी तो तास फार छान शिकवला. तसा चांगला तास त्याआधी माझा झालाच नव्हता.

मधल्या सुट्टीत पोरं व्हरांड्यात ओळीनं खिचडी खायला बसतात. आम्हा पाठवाल्यांना तिथं लक्ष ठेवायला उभं करायचे. ओळीच्या टोकाला ती बसली होती. कानात कापूस, गाल सुजून डोळा बारीक झालेला. ताटली मांडीवर घेऊन ती खात होती. डाव्या हातानं.

मी आधी नुसती बघत राहिले. मग वळून जायला लागले, आणि तिथंच थबकले. जवळ जाऊन उकिडवी बसले आणि विचारलं, "तुझा जेवायचा हात कुठला?"

मी हात हलवलासुद्धा नव्हता. तिनं आधी उजवा हात आडवा करून गाल झाकला आणि मगच डावा, शितं लागलेला, वर केला. मनगटाच्या वर तिथं दोन बोटं रुंद, चकाकणारा, जुना भाजल्याचा डाग होता. वाढणाऱ्या बाई पातेलं घेऊन जाता जाता म्हणाल्या, "लय हेकट हाय मॅडम ती. डाव्यानं खाती म्हणून आजीनं तापलेलं उलथनं लावलं, पर ऐकली न्हाई. दोन दिस जेवली न्हाई, पर उजव्यानं घास घेतला न्हाई."

तिला उत्तर येत नव्हतं, कारण ती तीन दिवस आईबरोबर कापूस वेचत होती. उत्तर येत नसेल तर दुसरा हात वर करायचा होता. तिनं दुसरा हात वर केला. अख्ख्या वर्गात माझं सांगणं तिच्याइतकं नीट दुसऱ्या कुणी ऐकलं नसेल. ती तीनदा मला तेच सांगत होती. आणि तिला समोर बसवून मी इतके दिवस शिकवत होते, फळ्यावरचं ती कुठल्या हातानं उतरवून घेते एवढंही मी पाहिलं नव्हतं.

मग मात्र मी मुख्याध्यापकांना विचारलं नाही. वेचणीवरून तिच्या आईला बोलावून आणलं आणि दोघींना रिक्षानं मानवतच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, कानाच्या पडद्याला भोक पडलंय, भरेल, पाणी जाऊ देऊ नका, काही दिवस ऐकू कमी येईल. मी त्या आईला सगळं सांगितलं, चूक माझी आहे हे सांगितलं. तिची नजर डॉक्टरांच्या टेबलावर होती. शेवटी म्हणाली, "मारलं तर मारलं मॅडम. शाळा म्हणल्यावर मारावंच लागतंय. पर कानावर नका मारू, पुढं लगीन करायचं हाय तिचं." मला वाटलं होतं, ती मला शिव्या देईल. तिनं द्यायला हव्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी वर्गासमोर माफी मागितली. फोक मोडायला गेले तर तो मोडेना, नुसता वाकत राहिला. पोरं हसायला लागली. शेवटी खिडकीतून बाहेर फेकला. माफीचं काय करायचं ते पोरांना कळलं नाही, ती एकमेकांकडं बघत राहिली. तिनं बाकावर डोकं टेकलं आणि तास संपेपर्यंत वर केलं नाही. मला वाटलं होतं, माफी मागितली की हलकं वाटेल. तसलं काही झालं नाही.

रविवारी गावी गेले. भाऊ पिंपळाखाली मेंढरं बसवून लोकर कातरत होता. आता तो चांगला बाप्या झालाय, दाढी राखलीय. एका मेंढीचे पाय गुडघ्यात धरून तो कातर चालवत होता आणि मी त्याच्यासमोर बसून सगळं सांगितलं. कोंबडीपासून माझा जड हात म्हणजे घरात थट्टेचा विषय, पण त्यानं मधे कुठंही हसून टाळी घेतली नाही. कातर थांबली. तो मेंढीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "म्हंजी आक्का, तूबी." एवढंच. आणि पुन्हा कातर चालवायला लागला. त्यानं मला दोन थोबाडीत दिल्या असत्या तर मी त्या आनंदानं घेतल्या असत्या.

शाळेवरचे आमचे दोन आठवडे राहिले होते. पोरांनी पुन्हा चिंचोके मारले नाहीत. मी माफी मागितली तरी त्यांच्या लेखी मी मारणाऱ्यांतलीच झाले होते, आणि मारणाऱ्यांचं ऐकायचं असतं. मुख्याध्यापकांनी माझ्या मूल्यमापनाच्या कागदावर लिहिलं, वर्गनियंत्रण : उत्तम. तो कागद माझ्याकडं अजून आहे. नोकरीच्या वेळी तो फाइलीला लावावा लागला आणि मी लावला. आता मी दुसऱ्या तालुक्यात शिकवते. माझ्या वर्गात हात वर करायची पद्धत नाही. बाकीचे शिक्षक मला त्यावरून हसतात, मी कारण सांगत नाही.

शेवटच्या दिवशी पोरांनी आम्हा सहाजणांना गुलाबाची फुलं दिली, गाणी म्हटली. सुट्टीत खिचडीऐवजी त्या दिवशी पुलाव होता, वर जिलेबी. मी ओळीच्या टोकाला तिला शोधत गेले. कानातला कापूस निघाला होता, गालाची सूज उतरली होती. माझी चाहूल लागताच तिनं मान वळवून उजवा कान माझ्याकडं केला. आणि मग मी पाहिलं. ती उजव्या हातानं जेवत होती.

बोटांना सवय नव्हती. घास नीट होत नव्हता, शितं हनुवटीवरून कुडत्यावर सांडत होती, जिलेबीचा तुकडा दोनदा ताटलीत पडला. डावा हात तिनं पाठीमागं, ओढणीच्या गाठीत अडकवून ठेवला होता. ज्या हातासाठी तिनं तापलेलं उलथनं सोसलं, दोन दिवस उपाशी राहिली, तो हात तिनं मागं बांधून टाकला होता. आजीला जमलं नव्हतं ते मी एका सकाळी करून दाखवलं होतं.

मी तिच्यापुढं बसले. म्हणाले, "अगं, तू तुझ्या त्या हातानं खा ना. माझी चूक होती ती. तुझं बरोबर होतं. खा त्या हातानं."

तिनं एकदा माझ्या मांडीवर ठेवलेल्या हाताकडं बघितलं. मग सांडलेली शितं उजव्या हातानं एकेक करून गोळा करायला लागली.

"न्हाई मॅडम," ती म्हणाली. "जेवायचा हात ह्योच हाय."